वेदीपाशी ठेवलेलं अर्पण

शास्त्रभाग : मत्तय ५:२१-२६
सोबत वाचा : लेवीय ६:१-७, उत्पत्ती अध्याय ३२ व ३३, रोम. १२:१८



आजचा शास्त्रभाग आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असेल. संडे स्कूलमध्ये असताना मीही तो पाठ केला होता आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून एक स्टीलची वाटीही मिळाली होती. ती वाटी अजून घरी आहे. वचन मात्र इतकी वर्षं डोक्यातच राहिलं, पायांपर्यंत पोचलंच नाही. गेल्या डिसेंबरात ते पायांपर्यंत कसं आलं, ते आज सांगणार आहे. सांगताना मला थोडी लाज वाटतेय, पण लाज वाटते म्हणून झाकून ठेवलं तर हे मनन लिहिण्यात काही अर्थच राहणार नाही.

आधी वचन काय म्हणतं ते नीट पाहू या.

प्रभू येशू डोंगरावर शिष्यांना शिकवतो आहे. खून करू नको ही आज्ञा त्यांना माहीत होती. येशू त्या आज्ञेच्या मुळाशी जातो आणि सांगतो की भावावर राग धरणं, त्याला हिणवून बोलणं, त्याला मूर्ख ठरवणं हेसुद्धा देवाच्या न्यायासनापुढे येतं. आणि लगेच पुढे, त्याच ओघात, तो एक प्रसंग उभा करतो. एक माणूस आपलं अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहे. तिथे त्याला आठवतं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे. येशू त्याला सांगतो, अर्पण तिथेच वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत येऊन अर्पण वाहा.

या प्रसंगातल्या तीन गोष्टी माझ्या लक्षात इतकी वर्षं आल्याच नव्हत्या.

पहिली गोष्ट. आपण हे वचन बहुतेक वेळा उलटं वाचतो. "मनात कुणाबद्दल राग असेल तर आधी माफ करा, मग प्रार्थनेला बसा," असं आपण म्हणतो. तीही शिकवण येशूचीच आहे, मार्क ११:२५ मध्ये ती आहे. पण मत्तय ५ मध्ये तो वेगळं बोलतो. इथे माझ्या मनात राग नाही. राग भावाच्या मनात आहे, माझ्याविरुद्ध. मी अगदी शांत चित्तानं, निर्मळ मनानं, गाणं म्हणत वेदीपाशी आले असेन. तरीही मला थांबवलं जातं. माझं मन शांत आहे एवढं पुरेसं नाही. माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं मन अशांत आहे का, हा इथला प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. वेदी होती फक्त यरुशलेमेत, मंदिरात. ऐकणाऱ्या गर्दीत यरुशलेमेकडचे लोकही होते असं मत्तय ४:२५ सांगतं, पण बोलणं चाललं होतं गालीलात, आणि त्याचे शिष्य गालीलातले कोळी होते. गालील ते यरुशलेम म्हणजे सरळ वाटेनं सुद्धा शंभर किलोमीटरच्या वर चाल. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की घाई असलेल्यांनी शोमरोनातून जावं, म्हणजे तीन दिवसांत पोचता येतं. आता विचार करा. कफर्णहूमचा एखादा कोळी वर्षभर पैसे साठवून, तीन दिवस चालून, बाजारातून कोकरू किंवा पारव्यांची जोडी घेऊन वेदीपर्यंत पोचला. आणि तिथे त्याला आठवलं. मग कोकरू तिथेच सोडायचं, तीन दिवस परत चालायचं, भावाला भेटायचं, पुन्हा तीन दिवस चालत यायचं. सगळं मिळून नऊ दिवस चालणं, फक्त एका अर्पणासाठी! ऐकणाऱ्यांना हे ऐकून हसूही आलं असेल आणि धक्काही बसला असेल. कारण येशू "जमलं तर जा" असं म्हणत नाही, "आधी जा" असं म्हणतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ही शिकवण आकाशातून पडलेली नव्हती. लेवीय ६ मध्ये नियम होता की शेजाऱ्याला फसवलं असेल, त्याची ठेव गिळली असेल किंवा खोटं बोलून त्याचं काही ठेवून घेतलं असेल, तर ते पूर्ण परत करायचं, वर त्याचा पाचवा हिस्सा जास्तीचा द्यायचा, आणि मग याजकाकडे दोषार्पण न्यायचं. माणसाचं देणं चुकतं केल्याशिवाय देवाकडे जायची वाट नव्हती. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास रब्बींची शिकवण मिश्ना नावाच्या संग्रहात लिहिली गेली. त्यातही हेच आहे की प्रायश्चित्ताचा दिवस देव आणि माणूस यांच्यातल्या पापांसाठी चालतो, पण माणसामाणसातल्या पापासाठी तो चालत नाही, जोवर आपण त्या माणसाची समजूत घालत नाही. आणि अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेली डिडाखे नावाची छोटी पुस्तिका आहे, तीसुद्धा सांगते की ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्यानं समेट होईपर्यंत भाकर मोडण्यात सामील होऊ नये.

म्हणजे वाट जुनी आहे. चालायचं तेवढं आपल्यावर आहे.

आता माझी गोष्ट.

मी पुण्यात शिकते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर राहते. आमचं गाव नगरच्या जवळ आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण घरी सगळे नगरच म्हणतात). मी नववीत असताना वडील प्रभूकडे गेले. तेव्हापासून घर दादानं सांभाळलं. त्याला डिप्लोमा करायचा होता. त्याऐवजी आयटीआय करून तो एमआयडीसीत कामाला लागला. माझी फी, मेसचे पैसे, जर्नल, झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, सगळं त्याच्या पगारातून येतं.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली होती आणि ऑनलाइन काहीतरी अडत होतं, म्हणून दादा रात्रपाळी करून तसाच मोटरसायकलवर पैसे घेऊन पुण्याला आला. कॉलेजच्या गेटसमोर उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, बाहीला ग्रीसचे डाग, डोळे तांबारलेले, हातात आईनं दिलेली पिशवी, शेंगदाण्याचे लाडू आणि लोणच्याची बरणी. मी वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर बाहेर आले. तिनं लांबूनच विचारलं, "कोण गं ते? तुलाच हात करतायत."

मी म्हणाले, "अगं, गावाकडचे आहेत एक. आईनं डबा पाठवलाय."

एवढंच. एक वाक्य. मी पुढे गेले, पिशवी घेतली, पैसे घेतले, "लेक्चर आहे रे" म्हणून परत फिरले. त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पेत्रानं कोंबडा आरवायच्या आधी जे केलं ते आपण सगळ्यांनी कितीदा ऐकलंय. त्याला निदान जिवाची भीती होती. मला कसली भीती होती? ग्रीसच्या डागाची.

त्या दिवशी रात्री मला वाईट वाटलं. मी प्रार्थना केली, देवाची क्षमा मागितली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. विषय संपला असं मी धरलं. पुढचे चार महिने माझं सगळं नीट चालू होतं. सकाळी साडेपाचला रूममेटची झोप मोडू नये म्हणून मोबाईलच्या उजेडात मनन, रविवारी उपासना, तरुण संघात गाण्याची प्रॅक्टिस. एकदा तरुण संघात मी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायावर, प्रीतीवर, वीस मिनिटं बोलले. सगळ्यांनी छान झालं म्हणून सांगितलं.

फक्त दादाचे फोन कमी झाले होते. आधी तो रविवारी हमखास करायचा. आता "पैसे टाकलेत" असा मेसेज यायचा. मी "ओके दादा" आणि हात जोडल्याची खूण पाठवायचे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस घरी गेले, तेव्हा त्याची शिफ्ट होती. म्हटलं, थकत असेल.

मग डिसेंबरचा पहिला रविवार आला. प्रभुभोजनाचा रविवार. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी म्हणून थोडा वेळ शांततेचा दिला. त्या शांततेत मला माझं एकेक पाप आठवायला हवं होतं. पण मला आठवला दादाचा "पैसे टाकलेत" हा मेसेज. दोनच शब्द, त्यात "कशी आहेस" नाही, "जेवलीस का" नाही. आणि पहिल्यांदा माझ्या मनात सरळ प्रश्न आला, दादाच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. मी गेटवर जे बोलले ते त्यानं ऐकलं असणार.

रांग पुढे सरकत होती. माझ्या शेजारच्या ताई उठल्या, मला हातानं खुणावलं. मी उठले नाही. बसून राहिले. त्या परत आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "बरं नाहीये का?" मी मान हलवली. उपासना संपायच्या आधीच मी बाहेर पडले.

सोमवारी सकाळी आठला दहा मार्कांची टेस्ट होती. मी रिक्षात बसेपर्यंत स्वतःशी वाद घालत होते. फोन केला तर चालणार नाही का? व्हिडिओ कॉल? पण फोनवर मी काय बोलणार आणि तो काय बोलणार हे मला माहीत होतं. "अगं काही नाही, सोड." आणि मी सुटले म्हणून खूश होणार. येशूनं "निरोप पाठव" असं सांगितलेलं नाही, "जा" असं सांगितलंय. वाकडेवाडीच्या स्टँडवर नगरची एसटी उभी होती. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पर्समधले पैसे पुरले.

पुणे ते नगर साधारण एकशेवीस किलोमीटर. म्हणजे जवळपास गालील ते यरुशलेम! फरक इतकाच की मी बसून गेले. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव मागे पडत गेलं. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की आमचा जिल्हा लागतो. तिथून पुढे मला भीती वाटायला लागली. मी मोबाईलवर याकोबाची गोष्ट काढली. एसावाला फसवून तो पळाला होता. वीस वर्षं लाबानाकडे राहिला. परत येताना भावाला भेटायच्या कल्पनेनं त्याची गाळण उडाली, म्हणून त्यानं आपल्यापुढे कळपच्या कळप भेट म्हणून पाठवले. दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस मेंढे, शिवाय उंट, गाई, गाढवं. मी पर्समध्ये बघितलं. माझ्याकडे हॉस्टेलच्या कँटीनमधून घेतलेला बिस्किटचा पुडा होता.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत आला होता. दादा गोठ्यात गाईला कडबा टाकत होता. मला बघून तो एकदम म्हणाला,

"अचानक कशी काय आलीस? पैसे लागतायत का?"

मी नाही म्हणाले. आणि तिथेच, गोठ्याच्या दारात, सगळं एका दमात सांगून टाकलं. गेट, मैत्रीण, मी काय बोलले, सगळं. रडतही होते. दादाच्या हातात कडब्याची पेंढी तशीच राहिली.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला ऐकू नव्हतं आलं."

मी बघतच राहिले.

"मी त्या टपरीवाल्याशी बोलत होतो, गाडी कुठं लावू म्हणून. मला काहीच ऐकू नव्हतं आलं." मग थांबून म्हणाला, "कपड्यांमुळं का?"

मी "हो" म्हणाले.

"बरं," एवढंच बोलून तो पेंढी सोडायला लागला.

प्रिय वाचकहो, मी तुम्हाला सांगू शकत नाही तो क्षण कसा होता. मी समेट करायला गेले होते आणि त्याला माहीत नसलेलं एक दुःख त्याच्या हातात ठेवून मोकळी झाले होते. चार महिने मी जे ओझं वाहत होते असं मला वाटत होतं, ते मी उतरवलं, पण उतरवलं त्याच्याच खांद्यावर.

रात्री जेवणं झाली. आई आत भांडी आवरत होती. दादा ओट्यावर बसला होता. मी बिस्किटचा पुडा फोडून त्याच्यापुढे ठेवला. यावेळी मी काही सांगितलं नाही, विचारलं. "दादा, गेटचं तुला माहीतच नव्हतं. मग माझ्याबद्दल तुझ्या मनात काय आहे? काहीतरी आहे ना?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ऑक्टोबरात आईला डेंग्यू झाला. मी तुला पहिल्याच दिवशी मेसेज केला होता. तुझा फोन पाचव्या दिवशी आला. आणि पहिलं वाक्य काय, परीक्षेचा फॉर्म भरायचाय. आई कशी आहे हे नंतर विचारलंस. मला वाटलं, जाऊ दे, हिला आपण आता एटीएम झालोय."

मी तेव्हा कुठे होते माहीत आहे? त्याच आठवड्यात मी प्रीतीवरचं ते वीस मिनिटांचं भाषण तयार करत होते.

या एका रात्रीनं मला या वचनातलं असं काही शिकवलं, जे पाठ करून समजलं नसतं. येशू म्हणतो की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर जा. नेमकं काय आहे, ते भावाच्या मनात आहे. माझ्या मनात त्याची यादी असेल, पण ती माझी यादी आहे. मी स्वतःची परीक्षा करून जे पाप शोधून काढलं होतं ते खरंच पाप होतं, पण भावाला दुखलं होतं भलतीकडेच, आणि तिकडे माझं लक्षही नव्हतं. खोलीचं दार लावून कितीही प्रार्थना केली असती तरी मला ते कळलं नसतं. देव मला ते वेगळं सांगायला बांधील नव्हता, कारण सांगणारा एकशेवीस किलोमीटरवर जिवंत बसला होता. म्हणूनच जावं लागतं. आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत काय लिहिलाय हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्यालाच विचारावं लागतं.

गेटची गोष्ट सांगायला हवी होती की नको, यावर मी नंतर खूप विचार केला. मला अजूनही वाटतं की सांगायला हवी होती. ती मैत्रीण उद्या घरी आली असती तर ते उघडं पडलंच असतं, आणि ज्या भावाला मी परका म्हणाले त्याच्याशी काही घडलंच नाही असं वागणं हेही एक खोटंच. पण मी सांगितलं ते घाईत, दारातच, स्वतःला हलकं वाटावं म्हणून. वचन "कबुली देऊन ये" असं म्हणत नाही. "समेट कर" असं म्हणतं. कबुली मी एकटीही देऊ शकते, समेटाला दोघं लागतात. आधी बसायला हवं होतं, आधी विचारायला हवं होतं, त्याचं ऐकून मग माझं सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी कुणी असं कुठे जाणार असाल तर माझ्या चुकीतून एवढं घ्या.

पहाटे साडेचारला दादानं मला मोटरसायकलवर स्टँडला सोडलं. थंडी होती, त्यानं स्वतःचा स्वेटर मला दिला. एसटी सुटताना म्हणाला, "पोचलीस की फोन कर. आणि पैशाचा विषय काढू नको." हसून म्हणाला की खरंच म्हणाला, मला अजून कळलेलं नाही. बस रस्त्यात अडकली, टेस्ट चुकली. ते दहा मार्क गेले ते गेले.

मग प्रश्न राहिला लेवीय ६ मधल्या पाचव्या हिश्श्याचा. घेतलेलं परत करायचं आणि वर थोडं जास्तीचं. मी दादाचं काय घेतलं होतं? त्याचं नातं. तर ते जिथे काढून घेतलं तिथेच परत करायला हवं होतं. मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी त्या मैत्रिणीला गेटपाशीच थांबवलं आणि सांगितलं, "ऑगस्टमध्ये इथे निळ्या शर्टात कोण आलं होतं आठवतं? तो माझा सख्खा भाऊ. मी तेव्हा खोटं बोलले." तिनं जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं मग तेव्हाच ओळख करून द्यायची ना." तिला त्यात काहीच वाटलं नव्हतं. लाज सगळी माझ्याच डोक्यात होती. आणि जास्तीचा हिस्सा म्हणजे दर बुधवारी रात्रीचा फोन. त्यात पैशाचं बोलायचं नाही, फी असो वा फॉर्म. त्यासाठी वेगळा दिवस.

सगळं पूर्वीसारखं झालं का? नाही. दादा अजून कधी कधी फोनवर गप्प होतो. "कपड्यांमुळं का?" हा त्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही, आणि माझा "हो" त्याच्याही कानातून गेला नसेल. रोमकरांस पत्र १२:१८ मध्ये पौल सांगतो की आपल्याकडून होईल तेवढं, सर्वांशी शांतीनं राहावं. "आपल्याकडून होईल तेवढं" यात मोठा दिलासा आहे. त्याचं मन कधी पूर्ण भरून येईल ते माझ्या हातात नाही. एसावानं धावत येऊन मिठी मारली, पण सगळेच एसाव धावत येत नाहीत. काही जण "बरं" म्हणतात आणि पेंढी सोडायला लागतात. तोही समेटाच्या वाटेवरचाच शब्द आहे असं मी धरून चालले आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. हे वचन ज्यानं इजा केली त्याच्यासाठी आहे, ज्याला इजा झाली त्याच्यासाठी नाही. कुणी तुम्हाला मारलं असेल, छळलं असेल, तर "तूच जा आणि मिटव" असं म्हणून हे वचन तुमच्या गळ्यात कुणी घालत असेल तर ते चुकीचं आहे. इथे चालत जायचं आहे ते देणेकऱ्यानं.

आणि शेवटची गोष्ट, जिच्याकडे माझं लक्ष अगदी उशिरा गेलं. येशू म्हणतो, मग परत येऊन अर्पण वाहा. तो अर्पण फेकून दे म्हणत नाही. "तुझ्यासारख्याचं अर्पण मला नको" असंही म्हणत नाही. अर्पण वेदीपुढेच राहतं. ते कोकरू बिचारं तिथे बांधलेलं आहे, बें बें करत असेल, आणि देव वाट पाहतो आहे. नऊ दिवस लागले तर नऊ दिवस. माझी जागा गेलेली नाही. जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहिले. भाकरीचा तुकडा हातात आला तेव्हा मला त्यात दोघांची आठवण होती. ज्यानं माझ्यासाठी स्वतःचं शरीर दिलं तो प्रभू, आणि ज्याच्या रात्रपाळीवर मी शिकते तो दादा.

आज आपल्यासाठी :

१. आज प्रार्थनेला बसताना "मला कुणाचा राग आहे" याच्या आधी "माझा राग कुणाला आहे" हा प्रश्न विचारू या. पहिलं नाव डोळ्यासमोर येईल ते टाळू नका.

२. शक्य असेल तर मेसेज न करता भेटा. भेटल्यावर आधी विचारा, ऐका, मग आपलं सांगा.

३. नुसतं "सॉरी" म्हणून परत फिरू नका. जे घेतलं ते कुठे आणि कसं परत करता येईल, आणि वर पाचवा हिस्सा काय देता येईल, याचा विचार करा.

प्रार्थना करू या :

हे प्रेमळ पित्या, आम्ही तुझ्या वेदीपाशी गाणी घेऊन येतो, पण आमच्या भावाबहिणींच्या मनात काय आहे हे आम्ही विचारत नाही. आम्हाला आठवण दे, आणि आठवल्यावर उठायची ताकद दे. जिथे जायला लाज वाटते तिथे तूच आमच्या पुढे जा. ज्यांना आम्ही दुखावलं त्यांचं मन तू जप. आमचं राहिलेलं अर्पण तू टाकून देत नाहीस, यासाठी तुझे आभार. येशूच्या नावानं मागतो. आमेन.

उद्या पुन्हा भेटू या, प्रभूची इच्छा असेल तर. आणि उद्या बुधवार आहे, मला फोन करायचाय.